ऊर्जानगरचा पिंट्या

पिंट्याबद्दल खरं काय ते मी आजवर कुणापाशीच बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही. तो बिचारा गेला तो पिंट्याची काळजी करत करतच. लेकापाशी नाही, सुनेपाशी नाही. देवापाशी बोलायची सोय होती, पण आमच्या देवळाच्या पायरीवर कायम दोन-चार बाया बसलेल्या असतात, आणि त्यांचे कान देवापेक्षा तिखट. तू बस इथे. तुला आमच्या गावातलं कुणी ओळखत नाही, म्हणून तुला सांगते. मधे मधे "अरेरे" म्हणू नकोस. आणि मी हसले तर हसू दे. काही गोष्टी आठवल्या की मला अजून हसू येतं — त्यातल्या सगळ्याच हसण्यासारख्या नाहीत.

सुरुवात पिंट्यापासून नाही. सुरुवात पानांपासून.

आमचं गाव आरमोरीहून आत, जंगलाला टेकलेलं. पावसाळ्यात धान, उन्हाळ्यात तेंदूपत्ता, म्हणजे विडीची पानं. पहाटे जंगलात जायचं, पानं तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे, आणि दिवस कलला की फळीवर — म्हणजे जिथे गावाची सगळी पानं जमा होतात त्या मैदानावर — नेऊन मांडायचे. सत्तर म्हणजे सत्तर. पण एकदा दोरी आवळली की आतली पानं कोण मोजतं? — असं तेव्हाच्या जमनाबाईला वाटायचं. जमनाबाई म्हणजे मीच गं. वय एकोणपन्नास, नाकात चमकी, चालणं असं की रस्ता हिच्या बापानं बांधून दिला. गावात आपल्याइतकी हुशार दुसरी नाही, अशी तिची पक्की समजूत. तिचे पुडे काय टपोरे दिसायचे! वरती-खालती मोठी मोठी पानं, मधे हवा. कधी पासष्ट, कधी साठ. त्या दिवशी लग्नाला जायची घाई होती, तर अठ्ठावन्नवरच दोरी आवळली.

त्या वर्षी ग्रामसभेनं पहिल्यांदाच आपली पानं आपण विकायला काढली होती. पुडे खोटे निघाले असते तर नाव गावाचं गेलं असतं. फळीवर तपासायला शेवंता बसली होती. शेवंताचं घर माझ्या घराच्या मागे, दोघींच्या परसात कुंपण एकच. तिनं माझा पुडा उचलला. हातात तोलला. माझ्याकडे पाहिलं — आणि दोरी सोडली. मग एक एक पान खाली टाकत, शाळेतल्या पोरीसारखी, मोठ्यानं मोजत गेली. अख्खं गाव भोवती. "छप्पन, सत्तावन, अठ्ठावन... बस? बाकीचे बारा कुठी गेले वो जमनाबाई? लग्नाले?"

केवढे हसले लोक! माझा नवरासुद्धा हसला. खाली मान घालून हसला, पण मी पाहिलं ना.

त्या दिवसापासून माझं नाव अठ्ठावनबाई. वय एकोणपन्नास आणि नाव अठ्ठावन. पोरं कुंपणाआडून मोजायची — छप्पन, सत्तावन... आणि पळायची. पुढे खरंच अठ्ठावन वर्षांची झाले तेव्हा लेकानं विचारलं, "आई, यंदा तुहा वाढदिवस करू का?" मी त्याला चपलेनं मारायला धावले. त्याला कळलंच नाही काऊन ते.

आता तू म्हणशील, शेवंता खोटं बोलली का? नाही. एक पान इकडचं तिकडे केलं नाही तिनं. खोटं बोलली असती तर मी भांडून मोकळी झाले असते. दोन दिवस शिव्याशाप, तिसऱ्या दिवशी हळदीकुंकू. पण खऱ्याशी कसं भांडायचं? खरं गिळावं लागतं, आणि गिळलेलं आत कुजत राहतं.

तीन वर्षं मी वाट पाहिली. वाट पाहणं म्हणजे नुसतं बसणं नव्हे हं. मी माझ्या कोंबड्या तिच्या सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्यात सोडायची आणि "अय्या, कशा गेल्या?" म्हणत धावायची. तिच्या वाळत घातलेल्या मोहफुलांच्या बाजूनं, वारा बघून, अंगण झाडायची. पोट भरत नव्हतं. कोंबड्या परत यायच्या, आणि फळीवरचं ते हसणं तिथंच असायचं. मला तिचं तोंड पाहायचं होतं — अख्ख्या गावासमोर, मान खाली, शब्द नाही. जसं माझं झालं होतं तसंच. एक पान कमी नाही.

मग रोशनी झाली. शेवंताच्या लेकाची — राजूची — पहिली पोरगी. पाच महिन्यांची असताना तिची छाती वाजायला लागली. श्वास घेतला की फासळ्यांच्या मधे खळगे पडायचे, आणि आवाज असा, की कुणी दाराच्या फटीतून शीळ घालतंय. गडचिरोलीच्या दवाखान्यात ठेवली. घरी सोडताना डॉक्टरांनी पंप लिहून दिला. तो तोंडाला लावायचा मुखवटा, मधे नळी, मागून औषध दाबायचं. रोज द्यायचा, म्हणाले, कित्येक महिने, लेकरू बरं दिसलं तरी. पहिला पंप दवाखान्यानं दिला. पुढचे तिथे शिल्लक नव्हते, ते बाहेरून घ्यावे लागणार होते. राजू बाहेरगावी सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराकडे जायचा, तेव्हा ते काम नेमकं सुटलं होतं. शेवंतानं ग्रामसभेत अर्ज टाकला. तेंदूच्या पैशातून पोरीच्या औषधाला मदत व्हावी म्हणून.

आता आमच्या ग्रामसभेची रीत तुला सांगायला हवी. आमच्याकडे हात वर करून मतं मोजत नाहीत. सगळ्यांचं "हो" होईपर्यंत बसायचं. एकाचं जरी "हो" आलं नाही, तर ती गोष्ट पुढच्या बैठकीवर, म्हणजे पुढच्या महिन्यावर. एकट्या गरीब माणसाचा आवाज दाबला जाऊ नये म्हणून ही रीत. चांगलीच आहे. फक्त तो एकटा माणूस जमनाबाई असली तर काय करायचं, हे कुणाला सुचलं नव्हतं.

समाजमंदिरात बैठक भरली. दसरूभाऊ मधे बसले होते. म्हातारे, जंगलाच्या हक्कासाठी चपला झिजवलेले, सगळे त्यांना मानायचे. शेवंता उभी राहिली. नातीला कडेवर घेऊन आली होती. मागायची सवय नाही ना तिला. तिनं थोडक्यात सांगितलं आणि खाली बसली. बायांच्या बाजूनं "द्या, द्या" सुरू झालं. दसरूभाऊ एकेकाकडे बघत आले. "हो." "हो." "हो." मग माझ्यावर नजर आली.

मी "नाही" म्हटलं असेल असं तुला वाटतं? छे. तेवढी बावळट नव्हते. "नाही" म्हटलं असतं तर अख्ख्या गावाला अठ्ठावन पानं आठवली असती. मी पदर डोळ्याला लावला.

"भाऊ, मले माफ करा," मी म्हटलं. "पण त्या लेकराचं भलं पायजे म्हणून बोलतो. माह्या मावसबहिणीचा नातू हाय, ऊर्जानगरले. पिंट्या. त्यालेही असाच पंप देल्ला होता."

बघ — पिंट्या असा जन्माला आला. दसरूभाऊंची नजर माझ्यावर येण्याआधी तो कुठेच नव्हता. मला मावसबहीणच नाही, तर तिचा नातू कुठला! ऊर्जानगर, ती वीजघराची वसाहत, मी आयुष्यात एकदा पाहिली होती, नवी नवरी असताना, वऱ्हाडाच्या ट्रकमधून. ते मोठे मोठे धुराडे, ओळीनं कॉर्टर, कंपनीची बस, दारोदारी मोटरसायकली. तेवढ्या भांडवलावर मी असं पोर उभं केलं, की शेजारचीनं डोळे पुसले. सहा वर्षांचा पिंट्या. वीजघरात नोकरी करणारा बाप. साहेब लोकांचे डॉक्टर. आणि पंपाची सवय. "दारूवानी सवय लागते भाऊ. छाती आपली आपण श्वास घ्याचं इसरते. आता पंप नसन तं पोट्टा निळा पडते. जल्मभराचा बांधला गेला. आपल्या पैशानं आपुन पोरीले बांधून टाकाचं काऊन? जरा इचार करा, मंग देऊ. मी काही नाई म्हणून नाई राह्यली."

आशाताई तिथेच होती, गावात औषधगोळ्या देणारी. तिशीतली पोरगी. ती म्हणाली, "काकी, असं काही नसते. सवय नाई लागत." मी तिच्याकडे मायेनं बघितलं. "तू शिकलेली हायस बाई. पण मी डोळ्यानं पाह्यलं ना."

ज्यांनी हो म्हटलं होतं ते एकमेकांकडे बघायला लागले. दसरूभाऊंनी बराच वेळ मान हलवली आणि म्हणाले, पुढच्या बैठकीत बोलू, तोवर चौकशी करू. आणि शेवंता? मान खाली. शब्द नाही. पोरीच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि त्या गप्प झालेल्या मंदिरात पोरीच्या छातीची शीळ सगळ्यांना ऐकू येत होती.

मला काय वाटलं सांगू? गोड. तीन वर्षांत घशाखाली पहिला गोड घास उतरला. घरी येताना मी मनात मोजत होते — छप्पन, सत्तावन, अठ्ठावन. त्या रात्री मी पोटभर जेवले. नवरा म्हणाला, "हा पिंट्या कोण वो? कधी बोलली नाई." मी म्हटलं, तुम्हाला माझ्या माहेरचं काय माहीत आहे? तेही खरंच. माहेर माझं कोरपन्याकडचं, दीड दिवसाची वाट, तिकडून कुणी येत नाही, जात नाही. लबाडीला अंतर हवं. ते माझ्यापाशी होतं.

माझा हिशेब एवढाच होता, की एक महिना. एक महिना शेवंतानं मान खाली घालून फिरावं, मग पुढच्या बैठकीत मी मोठ्या मनानं "द्या" म्हणीन. त्या महिन्यात त्या बयेनं आपल्या पायातले चांदीचे वाळे मोडले आणि एक पंप विकत आणला. ते मी पाहिलं. मला चांगलं वाटलं — हो, खोटं कशाला सांगू, मोकळे पाय पाहून चांगलं वाटलं. पण राजूनं आईचं ऐकलं नाही. राजूनं माझं ऐकलं. "निळा पडते म्हणते काकी. सवय लागण्याआधी बंद करू." अर्ध्यावरच पंप बंद. तेव्हा धानाची मळणी चालू होती, गावभर भुसा उडत होता. आठव्या दिवशी रोशनी निळी पडली. माझ्या पिंट्यासारखी. हुबेहूब. मी सांगितलं होतं तसं.

गाडी आली, गडचिरोलीला नेलं. अकरा दिवस नाकात नळी. मी डबा घेऊन गेले होते, कळतंय का तुला? दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून शेवंताला माझ्या हातची भाकर खाऊ घातली. तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिथं बोलता आलं असतं. दोन वाक्यं होती — पिंट्या नाही, पंप दे. मी म्हटलं, "भाजीत मीठ कमी झालं का वो?"

पोरगी वाचली. ऐकलं तेव्हा मी हात जोडले. पोरगी वाचली म्हणून, की मी वाचले म्हणून? विचारू नकोस. मला ठाऊक आहे.

पुढच्या बैठकीत सगळ्यांनी "हो" म्हटलं, मीही. मदत मिळाली, पंप सुरू झाला. आमचं दोघींचं फिटलं, असं ती जमनाबाई म्हणाली. मूर्ख बाई! तिला वाटलं, पोर जन्माला घातलं आणि काम झालं की परत पोटात घालता येतं. पिंट्या तोवर गावाबाहेर पडला होता. आठवडी बाजारात गेला, लग्नांत गेला, पलीकडच्या टोल्यांवर, म्हणजे वाड्यांवर, पोचला. "ऊर्जानगरच्या साहेबाच्या पोराले पंपाची सवय लागली." आशाताई दारोदार सांगून थकायची, बाया मान हलवायच्या आणि ती वळली की पंप फडताळात टाकायच्या. टोल्यावरचं एक लेकरू त्या हिवाळ्यात गेलं. छातीनंच गेलं म्हणतात. त्याला पंप दिला होता का, दिला असेल तर कुणी बंद केला, काय ऐकून केला — मी विचारलं नाही. त्याची आई दर बाजारी भेटते. बारा वर्षं झाली. अजून विचारलेलं नाही.

आणि गावातले? ते पिंट्याची खुशाली विचारायला लागले! "काकी, तुमचा पिंट्या कसा हाय?" मग काय करायचं? मी त्याला वाढवत गेले. दुसरीत घातला, चौथीत घातला. एकदा त्याचे हात मोडले. का, ते आठवत नाही, काहीतरी मोठं सांगायची हौस आली असेल. नवऱ्यानं शेवटच्या आजारपणात विचारलं, "पिंट्याची दहावी झाली का?" मी म्हटलं, पास झाला. तो हसला. बरं वाटलं त्याला.

दोन वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या नातवाची छाती वाजायला लागली. चार महिन्यांचा. तीच शीळ. तोच पंप. आणि माझी सून मंगला, शिकलेली, आरमोरीची, मुखवटा हातात घेऊन बसली आणि म्हणाली, "मी नाई देत. आई, तुमीच तं सांगितलं होतं पिंट्याचं."

फासळ्यांतले खळगे मी मोजत होते. आता तरी? आता तरी तोंड उघडलं असेल, असं वाटतं ना तुला? मलाही वाटलं होतं. मी तोंड उघडलं — आणि म्हटलं, "अवो, पिंट्याचा पंप कवाचाच सुटला! परवाच फोन आला होता. डॉक्टर म्हणे, लहानपणी देल्ला म्हणूनच वाचला. शाळेत धावण्यात पहिला आला पोट्टा." मंगलानं मुखवटा बाळाच्या तोंडाला लावला. नातू मरायला टेकला तरी मी माझी लाज सोडली नाही. एका खोट्यावर दुसरं खोटं बांधलं. वरती-खालती मोठी पानं, मधे हवा.

त्याच्या औषधासाठी ग्रामसभेत अर्ज गेला. दसरूभाऊ आता नाहीत, त्यांच्या जागी दुसरे बसतात. त्यांनी विचारायच्या आधी मागून आवाज आला, "द्या. काऊन बसून राह्यले? लेकराची छाती थांबते का तुमच्यासाठी?" शेवंता होती. माझ्याकडे पाहिलंही नाही तिनं. बाई, सूड म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मी घेतलेला तो पोरखेळ होता.

की तिनं घेतलेला सूड नव्हताच तो? तेच मला कळत नाही. कारण अजून एक गोष्ट राहिली आहे. मध.

रोशनी दवाखान्यातून आली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात शेवंता कुंपणापाशी आली, हातात बाटली. राजूनं जंगलातून काढलेला मध. म्हणाली, "आपल्या पोरीवर बेतलं तवा समजलं, त्या पिंट्याच्या मायले कसं होत असन. हा त्याले पाठव. छातीले बरा असते." मी घेतला. कुठे पाठवणार होते? फेकायचा जीव झाला नाही. भाकरीशी खाल्ला. चांगला होता. दुसऱ्या वर्षी पुन्हा बाटली. तिसऱ्या वर्षी पुन्हा. पिंट्या बरा झाला असं मी सांगितलं तेव्हा सुटका होईल असं वाटलं, तर ही टाळी वाजवून म्हणते, "माह्या मधानंच बरा झाला पोट्टा!" आणि पुढच्या वर्षी मोठी बाटली.

ती हे सरळ तोंडानं म्हणते. तिचं तोंड नेहमीच सरळ असतं, पानं मोजतानाही सरळच होतं. गेल्या वर्षी म्हणाली, "मार्कंड्याच्या जत्रेले आण ना त्याले. यकडाव पाहू तं दे." मी म्हटलं, बारावीचं वर्ष आहे त्याचं. "बरं," म्हणाली, आणि माझ्याकडे बघत राहिली — जसं दोरी सोडायच्या आधी बघितलं होतं. तिला ठाऊक आहे? ठाऊक असेल, तर दर वर्षी एक एक बाटली माझ्या हातात देऊन ती मोजते आहे. नसेल, तर ती खरंच एका पोराला मध पाठवते आहे. यातलं कुठलं जास्त वाईट, ते मी बारा वर्षं ठरवू शकले नाही.

यंदा बाटली रोशनी घेऊन आली. तेरावं लागलं आहे तिला. मोहफुलं वेचायच्या आधी झाडाखालचा पाला जाळतात, तेव्हा सगळी पोरं जंगलात असतात, ही एकटी घरी, नाकाला ओढणी लावून. माझ्या ओट्याच्या तीनच पायऱ्या आहेत. दुसरीवर थांबली. श्वास घेतला. शीळ वाजली — बारीक, जुनी, मी समाजमंदिरात ऐकली होती तीच. मग बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आजी, पिंट्यादादाले सांगजो, यंदाचा मध मी गाळला म्हणून."

मी म्हटलं, सांगतो.

बाटली कोनाड्यात आहे. अर्धी खाऊन झाली.